दोन भावांची सार्डिन

अमेरिकेहून परत आल्यावर काय काय बघितलं, असं जो तो विचारतो. मी नायगरा बघितला नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघितला तो गाडीच्या काचेतून, पावसात, आणि मुलगी सांगत होती म्हणून तो पुतळा, एवढंच. मी नीट बघून आले तो माशांचा एक कारखाना, आणि तोही बंद पडायच्या दिवशी. शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एवढा खर्च करून समुद्रापलीकडे जायचं आणि मासळीचा वास घेऊन यायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांच्यासाठी म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

स्टेट कॉलेज

माझी मुलगी मृणाल पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावात अन्नविज्ञानात पीएच.डी. करत होती. 2005 च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे राहायला गेले. गावाचं नावच कॉलेज आणि गावही तसंच. चारी बाजूंना हिरवे डोंगर आणि मधे विद्यापीठ. मुलं बॅग पाठीला लावून बसमधून हिंडायची. भारतीय सामानाचं दुकान लहानसं होतं. बाकी कुणी न्यू जर्सीला, एडिसनला चाललं की त्याच्याकडे चिठ्ठ्या द्यायच्या, आणि तो पोह्यांपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं गाडीत भरून आणायचा.

मी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठची. शाळेत भूगोल शिकवला, पण मासे हा माझा भूगोलाच्या आधीचा विषय. तिथल्या मोठ्या दुकानात मासे होते, पण डोकं नाही, शेपूट नाही, काटा नाही. गुलाबी वड्या करून प्लॅस्टिकखाली निजवलेले. महिनाभर मी ते खाल्लं. मग एक दिवस मला कपाटात चपटे डबे दिसले. वर निळी बोट आणि मोठ्या अक्षरांत नाव, केरगोआ. खाली लिहिलं होतं, सार्डिन. सार्डिन म्हणजे आपली तारली, हे मला ठाऊक होतं. चार डबे उचलले.

संध्याकाळी तिखलं केलं. कोकम आणि तिरफळं मी घरून नेली होती. फोडणी दिली तर छतावरचा धुराचा भोंगा असा काही किंचाळला की शेजारचा मुलगा अनवाणी बाहेर पळाला. मृणाल खुर्चीवर चढून भोंग्याखाली टॉवेल हलवत होती. त्या गोंधळात तिची खोलीतली सोबतीण अ‍ॅन आली. ही मूळची मेन राज्यातली, मृणालच्याच प्रयोगशाळेत काम करणारी, उंच, शांत मुलगी. मृणालने तिला मला काकू म्हणायला शिकवलं होतं. तिने कचऱ्याच्या डब्यातला रिकामा डबा उचलला, धुतला आणि टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "काकू, हे माझं आडनाव आहे."

तिच्या पणजोबांनी तो कारखाना काढला होता. ते फ्रान्समधल्या ब्रिटनी नावाच्या किनाऱ्यावरून आले. कारखाना घराण्याच्या हातून केव्हाच गेला होता, कुठल्याशा मोठ्या कंपनीकडे. नाव तेवढं राहिलं होतं. आता ती कंपनी कारखानाच बंद करत होती, पुढच्याच आठवड्यात. अ‍ॅन त्यासाठीच गावी जायला निघाली होती. तिने तिखलं दोनदा घेतलं, डोळ्यांतून पाणी आलं तरी घेतलं, आणि आम्हा दोघींना म्हणाली की तुम्हीही चला.

मी तिला एक गोष्ट सांगितली नाही. पहिला घास घेतल्याबरोबर मला कळलं होतं की ही तारली नव्हे. मासा चांगला होता, पण वेगळा होता.

उत्तरेकडे

अ‍ॅनची जुनी गाडी, छापून आणलेले नकाशे, मागच्या सीटवर मी आणि माझा डबा. धपाटे केले होते. मुली चिप्स खात होत्या, पण दुपारी बरोबर धपाट्यांवर आल्या. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अमेरिकेतले मोठे रस्ते सगळे एकाच आईची मुलं असल्यासारखे दिसतात. एकदा वळण चुकलं आणि आम्ही भलत्याच राज्यात शिरलो.

वाटेत अ‍ॅनने घरातली गोष्ट सांगितली. तिचे पणजोबा यान आणि त्यांचे थोरले भाऊ कोरांतँ. ब्रिटनीतल्या एका बंदरात त्यांच्या वडिलांचा सार्डिनचा कारखाना होता. यान अमेरिकेत आले आणि त्यांनी इथे आपला कारखाना काढला, त्याच नावाने. पण मेनच्या समुद्रात सार्डिन नाही. इथे हेरिंग नावाचा मासा मिळतो, त्याची लहान पिल्लं डब्यात भरतात आणि त्यांना सार्डिन म्हणतात. हे फ्रान्समध्ये कळलं तेव्हा थोरल्या भावाने निरोप पाठवला की आमचं नाव लावून खोटा मासा विकू नकोस. त्यानंतर दोन भाऊ मरेपर्यंत बोलले नाहीत. दोन कारखाने, एक नाव, मधे समुद्र.

मग गाडी चालवता चालवता ती म्हणाली की तिने एक उपद्व्याप केला आहे. कोरांतँच्या नातवाचा, लुईचा, पत्ता तिने शोधून काढला होता. कारखाना बंद होतोय असं त्याला ई-मेलने कळवलं, आणि तो सत्तरीतला माणूस विमानात बसून येतो म्हणाला. हे तिने आजी इव्हॉनला सांगितलंच नव्हतं. इव्हॉन म्हणजे यानची मुलगी, अ‍ॅनच्या आजोबांची बहीण, वय चौऱ्याऐंशी. लग्न केलेलं नाही. सगळा जन्म त्या कारखान्यात गेला.

मृणालने तिला विचारलं, आजी चिडली तर काय करशील. अ‍ॅन म्हणाली, चिडली तर परवडलं. ती गप्प बसते याचीच मला भीती वाटते.

गाव

गावाचं नाव मुद्दामच देत नाही. इतकं लहान आहे की नाव दिलं तर सगळी माणसं ओळखू येतील. एक रस्ता, पांढऱ्या लाकडी घरांची रांग, चर्चचा मनोरा आणि धुकं. ऑगस्ट महिना असूनही मी शाल घेतली होती. समुद्राचा वास आमच्यासारखाच, पण थंडीमुळे जरा लांबून आल्यासारखा. रस्त्याकडेला लोक रानातल्या निळ्या करवंदाएवढ्या बेरी विकत होते. तिथल्या ओहोटीने मला थक्क केलं. भरतीला बोटी धक्क्याला टेकून उभ्या होत्या, आणि चहा पिऊन, दोन-तीन तास पडून परत गेले तर त्या विहिरीत सोडल्यासारख्या खाली गेलेल्या, माणसं लोखंडी शिडीने वर येतायत. शाळेत मी मुलांना भरती-ओहोटी चाळीस मिनिटांच्या तासात शिकवत असे. हे बघितलं असतं तर दोन तास घेतले असते.

इव्हॉनचं घर कारखान्यासमोरच. बारीक, ताठ बाई, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, अंगात पुरुषी शर्ट. तिच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं वाकडी झाली होती. मालकाची मुलगी असूनही शाळेच्या सुट्ट्यांत ती बायकांबरोबर टेबलावर उभी राहून कात्रीने मासे कापायची. बापाचा तसा नियम होता. नंतर तिने कारखान्याचं ऑफिस सांभाळलं, पण बोटं कात्रीचीच राहिली. मला बघून तिने विचारलं की तुमच्याकडे सार्डिन कशी खातात. मी तिखल्याचं सांगितलं, कोकम दाखवलं. तिने एक आमसूल तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाली की हे खाऊन माणूस खोटं बोलू शकणार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही शेवंडी खाल्ल्या. आपल्याकडची शेवंड, पण नांग्या केवढ्या, आणि मीठपाण्यात नुसती उकडलेली, वितळलेल्या लोण्यात बुडवून खायची. मसाला म्हणून लिंबू. मला आधी त्या शेवंडीची दया आली, मग एक घास खाल्ला आणि कळलं की एवढा ताजा मासा असला की मसाल्याला तिथे काही काम नाही. हे मी घरी कबूल करणार नाही.

जेवणानंतर अ‍ॅनने लुईचं सांगितलं. इव्हॉन ताटल्या उचलत होती. तिने त्या बेसिनमध्ये ठेवल्या, नळ सोडला आणि सगळ्या धुऊन होईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग हात पुसत म्हणाली, "आमचा डबा त्या घरात कधी कुणी उघडला नाही. आता पुरायच्या वेळी बरोबर आले." आणि झोपायला गेली.

शेवटचा दिवस

कारखाना म्हणजे पाण्यात खांबांवर उभी असलेली लांबलचक लाकडी इमारत. आत वाफ, ओली जमीन, माशांचा वास आणि कात्र्यांचा आवाज. टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या, बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, डोक्याला जाळी. मासा उचलायचा, एकदा कात्री चालवायची की डोकं गेलं, दुसऱ्यांदा की शेपूट, आणि डब्यात निजवायचा, एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीशी. डबे पट्ट्यावरून पुढे जातात, त्यात तेल पडतं, मशीन झाकण लावतं, मग मोठ्या भट्टीत वाफेवर शिजतात. हात इतके भरभर चालत होते की मासे आपणच उड्या मारून डब्यात पडतायत असं वाटत होतं. बोलणं मात्र अगदी सावकाश चाललं होतं: कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा कुत्रा हरवलाय. त्यात उद्या काय, हे कुणी काढत नव्हतं.

बायकांची पुढारी डॉट नावाची. आई, आजी, सगळ्या इथेच राबलेल्या. तिने मला बाजूला उभं केलं आणि एक कात्री दिली. मी दोन डबे भरले. आमच्याकडे विळीवर बसून मासे कापतात. उभ्याने कात्रीने कापायचं म्हणजे डाव्या हाताने लिहिण्यासारखं. डॉटने माझे डबे बघितले, एका डब्यातले दोन मासे फिरवून ठेवले आणि पट्ट्यावर सोडले. ते डबे कुणाच्या घरी गेले असतील, असं मला अजून कधीतरी वाटतं.

दुपारी मासे संपत आले तेव्हा मॅनेजरने इव्हॉनला बोलावलं. त्यांची इच्छा होती की लाल बटण तिने दाबावं आणि पट्टा थांबवावा; फोटोवाला आणला होता. इव्हॉन नाही म्हणाली. मासे संपले की बायका आपणच थांबतील, तिने सांगितलं. मग एकेक टेबल रिकामं होत गेलं. शेवटचा डबा डॉटने भरला. तो गेला आणि पट्टा रिकामाच फिरत राहिला, बराच वेळ. कुणी हललं नाही. शेवटी कुणीतरी मागे जाऊन तो बंद केला, कुणी ते मला दिसलं नाही. इतका आवाज एकदम थांबल्यावर खालच्या पाण्याचा आवाज आला. खांबांमधून लाटा आत-बाहेर करत होत्या, त्या दिवसभर करतच होत्या.

तेव्हाच मला दाराशी उभा असलेला माणूस दिसला. गोरा, जाडसर, टाय लावलेला, बूट ओले होऊ नयेत म्हणून लाकडी फळीवर उभा. हातात कागदी पिशवी. अ‍ॅन त्याच्याकडे गेली. इव्हॉननेही त्याला बघितलं. तिने आधी सगळ्या बायकांशी एकेक करून हात मिळवला, काहींना मिठी मारली. तो तेवढा वेळ फळीवर उभा राहिला. मग ती त्याच्यासमोरून दाराबाहेर गेली, आणि पायऱ्यांवरून मागे न बघता अ‍ॅनला म्हणाली, "त्याला सांग, आम्ही सहाला जेवतो."

इव्हॉनच्या स्वयंपाकघरात

लुई सहाच्या आधीच आला. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट, त्यामुळे मला तो लगेच आवडला. त्यांचाही कारखाना आता घराण्याकडे राहिला नव्हता. तोही एका मोठ्या कंपनीने घेतला होता. तो स्वतः निवृत्त होऊन बागेत भाज्या लावत होता. पिशवीतून त्याने पिवळा डबा काढला. त्यावर टोपीवाली बाई होती, आणि नाव तेच, केरगोआ. इव्हॉनने उठून आपला निळा डबा आणला आणि त्याशेजारी ठेवला. टेबलावर दोन डबे आणि दोन्हीकडे दोन म्हातारी माणसं.

इव्हॉन माझ्याकडे वळली. म्हणाली, "या बाई सार्डिनच्या किनाऱ्यावरच्या आहेत. त्यांना दोन्हीकडचं काही देणं नाही. त्यांनी खाऊन सांगावं."

मृणालने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी आधी पिवळ्या डब्यातला मासा खाल्ला. ऑलिव्हचं तेल, आधी तळलेला, काटा विरघळलेला. डोळे मिटले असते तर आमच्या खाडीवर असते. मग निळा. मऊ, गोडसर, चांगला. मला क्षणभर वाटलं की दोन्ही सारखेच म्हणावं. त्या बाईच्या आयुष्यभराच्या कामाचा त्या दिवशी शेवट झाला होता. एका शब्दाने तिला बरं वाटलं असतं. पण तिने विचारलं होतं ते आडून नव्हे, समोर बसून.

मी सांगितलं की पिवळ्या डब्यातला मासा आमच्या तारलीच्या जवळचा आहे. निळ्या डब्यातला दुसरा मासा आहे, आणि तोही मी आवडीने खाल्ला आहे.

लुईने मान हलवली. मग विचारलं की ही तारली म्हणजे कोणती. मृणालने शास्त्रीय नाव सांगितलं. तो अवघडून हसला आणि म्हणाला की मादाम, फ्रान्समध्ये आम्ही तिलाही सार्डिन म्हणणार नाही.

हे मात्र मला झोंबलं. पिढ्यान् पिढ्या खाल्लेला मासा, आजीने, आईने केलेलं तिखलं, आणि हा मनुष्य सांगतोय की तुमचा मासा तो नव्हेच. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. कारण इव्हॉन हसायला लागली. दोन दिवसांत पहिल्यांदाच. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, आता तुम्हाला पप्पा कळले.

मग ती लुईला म्हणाली की तिला लहानपणापासून ठाऊक आहे ही सार्डिन नाही. पप्पांनाही ठाऊक होतं. भांडण माशावरून झालंच नव्हतं.

खरी गोष्ट तिने त्या रात्री सांगितली. त्या काळी ब्रिटनीत डब्यांची झाकणं माणसं हाताने लावत. पत्र्याच्या कडेला तापलेल्या सळईने कथील-शिशाचा डाख द्यायचा. डाख देणारे कारागीर गावात मानाचे, टोपी तिरकी घालून हिंडणारे. यान मालकाचा मुलगा असून त्यांच्यातच बसायचा. वडील गेले, कोरांतँ मालक झाला. सार्डिन दरवर्षी कमी येत होती, काही वर्षं आलीच नाही. कारखाना चालवायचा तर खर्च तोडायला हवा होता. कोरांतँने झाकण लावणारं मशीन आणलं. डाख देणारे सगळे एका दिवसात रिकामे झाले. त्यांनी रात्री कारखान्यात घुसून ते मशीन घणाने फोडलं. त्यांत यान होता. भावाने भावाचं मशीन फोडलं, आणि पोलीस यायच्या आत काही सोबत्यांना घेऊन बोटीने पळाला.

लुई म्हणाला की हे त्याला माहीत आहे. त्यांच्या घरात यानचं नाव कधी घेतलं नाही. घ्यावं लागलंच तर म्हणायचे, तो फोडणारा.

इव्हॉन उठली, दिवा मालवला, आणि म्हणाली की उद्या सकाळी ओहोटीला धक्क्यावर ये.

धक्क्यावर

सकाळी धुकं नव्हतं. कारखान्यापलीकडे वाळूत एक जुनी लाकडी बोट कलती करून ठेवलेली होती. पूर्वी समुद्रातून मासे आणायची, आता कित्येक वर्षं तिथेच पडून. रंग गेलेला, पण पुढच्या अंगाला कोरलेली अक्षरं शाबूत होती: के, ए, ओ, यू. मी मोठ्याने वाचलं, काऊ. मृणालला हसू आलं. मी अ‍ॅनला सांगितलं की आमच्याकडे लहान मुलांना भरवताना कावळ्याला असं म्हणतात. अ‍ॅन म्हणाली, गावात सगळ्यांना वाटतं की ते काहीच नाही, नुसतं पणजोबांच्या डोक्यातून आलेलं नाव.

लुईने विचारलं, हा काऊ कोण.

"तुझे आजोबा," इव्हॉन म्हणाली.

त्याला कळेना. मग तिने सांगितलं की ब्रेटन भाषेत कोरांतँचं लाडकं नाव काऊ. आई त्याला काऊ म्हणायची, यान काऊ म्हणायचा, तिसरं कुणी नाही. लुईने ते नाव कधी ऐकलंच नव्हतं. त्यांच्या घरात फ्रेंच बोलत. ब्रेटन ही कामगारांची, कोळ्यांची भाषा. त्याच्या लहानपणी शाळेत ती बोललं की शिक्षा व्हायची. इव्हॉनला मात्र फ्रेंच येत नव्हतं. बापाने तिला ब्रेटनच शिकवली. बापाशी, पुढे बाप गेल्यावर स्वतःशी, ती तीच बोलायची.

यान इथे आला तेव्हा त्याने हाताने डाख देऊनच डबे बंद करायचे ठरवलं होतं. काही वर्षं चालवलंही. पण शेजारच्या सगळ्या कारखान्यांत मशीनं आली आणि त्याचे डबे दुकानात पडून राहायला लागले. कामगारांचा पगार थांबला. शेवटी त्याने मशीन आणलं. ज्या माणसांना त्याने आपल्याबरोबर समुद्रापलीकडून आणलं होतं, त्यांना त्यानेच घरी बसवलं. त्या दिवशी तो जेवला नाही, असं इव्हॉनला आई सांगायची. त्याच वर्षी ही बोट बांधली आणि तिला हे नाव दिलं.

"बोटीला नाव दिलं, पण त्याला कळवलं नाही?" लुईने विचारलं.

इव्हॉन म्हणाली की नाही कळवलं. तिने एकदा विचारलंही होतं. पप्पा म्हणाले की रोज सकाळी धक्क्यावर उभा राहून त्याला हाक मारतो, तेवढं पुरे.

लुई वाळूत उतरला. बूट भिजले. त्याने त्या अक्षरांवर हात ठेवला आणि तो शब्द म्हणायचा प्रयत्न केला. फ्रेंच माणसाच्या तोंडात तो काहीतरी भलताच झाला. इव्हॉनने सुधारून सांगितला. त्याने पुन्हा म्हटला. मग तिने पुन्हा. असं बराच वेळ चाललं. आम्ही तिघी वर धक्क्यावर उभ्या होतो. स्टेट कॉलेजमधल्या मराठी मंडळींच्या जेवणात मी बघितलं होतं, आई-बाप मराठीत विचारतात आणि मुलं इंग्रजीत उत्तर देतात, आणि दोघांनाही त्यात काही खटकत नाही. मी मृणालकडे बघितलं. ती खाली बघत होती.

परत आल्यावर

मी सप्टेंबरात घरी आले. आल्यावर पहिल्याच आठवड्यात बाजारातून तारली आणली आणि माझ्याच स्वयंपाकघरात मी तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात मृणालचा फोन आला. इव्हॉन पंच्याऐंशीव्या वर्षी जन्मात पहिल्यांदा विमानात बसली. लुईने ब्रिटनीला बोलावलं होतं. अ‍ॅन सोबत गेली होती. लुईने तिला सगळं दाखवलं: घर, कोरांतँची कबर, कारखान्याची जागा. आता तिथे मोटारी उभ्या करतात. कबरीपाशी ती थोडा वेळ एकटीच थांबली. गावातल्या दुकानांत तिची भाषा कुणाला कळत नव्हती. तरुण मुलं तिला विचारायची की तुम्ही कुठल्या देशाच्या.

मग शनिवारच्या बाजारात ती एका भाजीवालीशी बोलली. भाजीवालीही तिच्याच वयाची. तिने हातातला तराजू खाली ठेवला. शेजारून अजून एक म्हातारी आली. दोघी पूर्वी तिथल्या सार्डिनच्या कारखान्यात होत्या. तिघी पावसात उभ्या राहून बोलत राहिल्या. लुई छत्री धरून उभा, त्याला एक शब्द कळत नव्हता. इव्हॉन नंतर अ‍ॅनला म्हणाली की पप्पा गेल्यापासून त्यांच्यासारखं बोलणारं कुणी भेटलं नव्हतं.

तिचे उच्चार इतके त्याच गावचे होते की त्या बायकांना ती परकी आहे अशी शंकाही आली नाही. त्यांना वाटलं, आपल्यातलीच कुणीतरी, लग्न होऊन लांब गेलेली. निघताना भाजीवालीने तिचा हात धरून ठेवला आणि विचारलं, इतकी वर्षं होतीस तरी कुठे?

इव्हॉनने सांगितलं, "कामावर होते."